तेवीस अंश, पण कुठे?

समजा, तुम्हाला खोली गरम करायची आहे. जानेवारीची संध्याकाळ आहे, बाहेर साडेचारलाच अंधारून आलंय. पॅसेजमध्ये, कोट अडकवायच्या खुंट्यांशेजारी, भिंतीवर पिवळट पडलेली एक चकती आहे. तिच्यावर पाचपासून तीसपर्यंत आकडे. तुम्ही ती दोन बोटांत धरून हळूहळू फिरवता. सतरा, अठरा, एकोणीस. एका ठिकाणी आतून बारीक 'टक्' असा आवाज येतो आणि स्वयंपाकघरात घरभरचे रेडिएटर तापवणारा बॉयलर पेटतो. झालं काम. त्याला चष्माही लागत नाही.

आता दुसरं समजा. चकती नाही, तिच्या जागी एक पांढरी झाकणपट्टी आहे. बैठकीच्या खोलीत, फळीवर, काळ्या काचेचा तळहाताएवढा चौकोन उभा आहे. काचेला बोट लावलं की आकडा उजळतो: तेवीस. तुम्हाला हुडहुडी भरलीय, आणि काच म्हणते तेवीस. बॉयलर गप्प. काचेला फार हात लावू नकोस असं तुम्हाला सांगून ठेवलेलं आहे. तुम्ही काय कराल?

गयाबाई तायडे यांनी तीन महिने शाल पांघरली.

मी इंग्लंडमध्ये, रीडिंगला राहतो. ऑफिसांच्या मोठ्या इमारतींमधलं हीटिंग आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रणा बसवणं हे माझं काम. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लंडनजवळ हाउन्सलोमध्ये एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन आमच्या लोकांची वंदना होते, तिथं जातो. वंदना झाली की चहा असतो, आणि चहाच्या मोठ्या थर्मासपाशी गयाआजी असतात. कप हातात देताना त्या आधी स्वतःचा हात कपाला लावून बघतात. "हा घे, हा प्यायला जमेल," म्हणतात. मला वाटायचं ही म्हाताऱ्या माणसाची सवय असेल. ती सवय कामावरची होती.

गयाबाईंचं माहेर अकोला जिल्ह्यातलं. नवरा भगवान तायडे पंच्याहत्तर साली इथं आला आणि विमानतळावर सामान चढवा-उतरवायच्या कामाला लागला. दोन वर्षांनी गयाबाई आल्या. मुलगा धम्मदीप इथंच जन्मला. तो शाळेत जायला लागल्यावर त्यांनीही विमानतळाजवळ काम धरलं. विमानातल्या प्रवाशांना देतात ते जेवणाचे ट्रे जिथं लावतात, त्या थंड खोलीत. खोलीचं तापमान पाच अंश. अंगात कंपनीचं जाडजूड जाकीट, डोक्यावर जाळी, हातात पातळ मोजे. चोवीस वर्षं.

त्या खोलीत दर दोन तासांनी तापमान लिहायचं असायचं. ट्रेच्या उंच गाड्या असत, त्यांतल्या एखाद्या डब्यात टोकदार मीटर खुपसायचा, आकडा बघायचा आणि कागदावर टिपायचा. कागदावर तीन रकाने: वेळ, आकडा, आणि कुठे. म्हणजे गाडीच्या वरच्या कप्प्यात, मधल्या की खालच्या. तिसरा रकाना कोरा राहिला तर सुपरवायझर बाई अख्खा कागद परत करायची.

"ती म्हणायची, आकडा काय, कुणीपण लिहील," गयाबाई सांगतात. "कुठला आकडा ते सांग. दाराजवळची गाडी आठवर गेलेली असते, आतली चारावर. मग खोली किती? बोल."

ही गोष्ट मला कॉलेजात तिसऱ्या वर्षी शिकवली गेली, आलेखांसकट, आणि परीक्षेनंतर मी ती विसरलो होतो.

घरातली चकती पस्तीस वर्षं पॅसेजमध्ये होती. तिचं आतलं काम अगदी साधं असतं. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्यांचं वेटोळं केलेलं असतं. ऊब लागली की एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी, त्यामुळे वेटोळं वळतं आणि वीज तुटते. गार झालं की उलट वळतं आणि वीज जुळते. तोच तो 'टक्'. हे यंत्र काही फार हुशार नव्हतं. घर दोन अंश जास्त तापल्यावर त्याला जाग यायची आणि दोन अंश जास्त गार झाल्यावर पुन्हा. त्यातून पॅसेजचं पुढचं दार उघडलं की त्याला वाटायचं सगळं घरच गारठलं.

त्या चकतीवरून नवरा-बायकोचं रोज वाजायचं. भगवानराव अठरावर ठेवायचे, गयाबाई जाता-येता एकवीसवर न्यायच्या.

"पाच अंशांत आठ तास उभी राहून येतेस, आणि घरी अठराला थंडी वाजते तुला?"

"पाचात उभं राहायचा मला पगार आहे. अठराचा तुम्ही देता का?"

भगवानराव हसायचे आणि चकती एकोणीसवर आणायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतर चकती एकवीसवरच राहिली. तिला खाली आणणारं कोणी नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात बॉयलर बदलायला झाला. धम्मदीप साठ मैलांवर मिल्टन कीन्सला असतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानंच सगळं ठरवलं. नव्या बॉयलरबरोबर नवा थर्मोस्टॅट, भिंतीवर न ठोकता कुठंही ठेवता येणारा. त्याचा कार्यक्रम फोनवरून लावायचा. सकाळी सहा ते नऊ वीस अंश, दुपारी अठरा, संध्याकाळी सहा ते दहा पुन्हा वीस, नंतर सोळा. आईच्या फोनवर ते ॲप टाकायचा त्यानं एकदा प्रयत्न केला, पण फोन जुना होता. मग स्वतःच्याच फोनवर ठेवलं.

"आई, आता तुला काहीच करायचं नाही. मी बघेन सगळं."

थर्मोस्टॅट कुठं ठेवावा, हे त्यानं माहितीपुस्तिकेत वाचून बघितलं. रेडिएटरजवळ नको, खिडकीजवळ नको, ऊन येईल तिथं नको, टीव्हीमागे नको, दाराच्या वाऱ्यात नको, छातीएवढ्या उंचीवर हवा. त्या छोट्या खोलीत एवढ्या अटी पाळणारी जागा एकच निघाली. जुन्या धुराड्याशेजारी भिंतीत कोनाडा आहे, त्यात दोन फळ्या आहेत. वरच्या फळीवर पुस्तकं. खालच्या फळीवर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि दोन वर्षांपासून भगवानरावांचा फोटो. गयाबाईंनी स्वतः फळी पुसून फुलदाणी सरकवली आणि काचेला जागा करून दिली. धम्मदीपनं चार पावलं मागं जाऊन बघितलं.

"पर्फेक्ट," तो म्हणाला.

तुमच्या लक्षात आलं असेल. त्या दोघांच्या आलं नाही, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. माहितीपुस्तिकेत मेणबत्तीचा उल्लेखच नव्हता.

गयाबाई रोज संध्याकाळी सहाला त्या फळीसमोर बसतात. त्रिसरण, पंचशील, आणि त्याआधी तीन मेणबत्त्या, पत्र्याच्या छोट्या वाटीतल्या, चार तास जळणाऱ्या. हे धम्मदीपनं लहानपणापासून पाहिलेलं. पण त्याच्या स्वतःच्या घरी धुराचा अलार्म सारखा ओरडतो म्हणून त्याच्या बायकोनं, रचनानं, सेलवरच्या मेणबत्त्या आणल्या आहेत. बटण दाबलं की ज्योत हलते. दहा वर्षं त्या बघून बघून मेणबत्ती गरम असते हे तो विसरला असावा.

सहाला ज्योती पेटायच्या. वरची फळी ती ऊब अडवून धरायची. अर्ध्या-पाऊण तासात कोनाड्यात तेवीस अंश. काचेला वाटायचं खोली हवी त्याहून जास्त गरम आहे, आणि ती बॉयलर बंद ठेवायची. दहाला मेणबत्त्या विझेपर्यंत संध्याकाळचा कार्यक्रम संपलेला. सकाळी मात्र सगळं सुरळीत. म्हणून गयाबाईंची तक्रार नेहमी संध्याकाळीच यायची.

"दीप, हीटिंग बंद पडलंय रे."

"थांब, बघतो. नाही आई, ट्वेंटी-थ्री दाखवतंय. उलट जास्तच आहे."

"मला थंडी वाजतेय."

"जेवलीस का?"

दुसऱ्या आठवड्यात:

"स्वेटर घातलास?"

"दोन घातलेत."

"तेवीसमध्ये दोन स्वेटर?"

आई खोटं बोलतेय असं धम्मदीपला वाटत नव्हतं, याचीच त्याला काळजी होती.

नोव्हेंबरात त्यानं तिला डॉक्टरांकडे नेलं. थायरॉइड बघितलं, रक्त बघितलं, सगळं ठीक. मग त्यानं कुठंतरी वाचलं की स्मृती जायला लागलेली माणसं संध्याकाळी जास्त गोंधळतात. सकाळी बरी असतात, दिवस मावळला की काहीबाही सांगतात. त्यानं पुन्हा अपॉइंटमेंट घेतली. नर्सनं गयाबाईंना आजची तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, एक पत्ता सांगून पाच मिनिटांनी परत विचारला.

"संध्याकाळी गोंधळल्यासारखं वाटतं का?" नर्सनं विचारलं.

"नाही," गयाबाई म्हणाल्या. "गार वाटतं."

नर्सनं ते लिहून घेतलं. मोठ्या तपासणीसाठी नाव पुढं पाठवलं. निघताना तिनं त्यांच्या हातात थंडीत म्हाताऱ्या माणसांना देतात ते पुठ्ठ्याचं कार्ड ठेवलं. त्यावर तापमान दाखवणारी रंगीत पट्टी असते आणि खाली सूचना, की अठराच्या खाली जाऊ देऊ नका. कार्ड पर्समध्ये गेलं आणि तिथंच राहिलं.

डिसेंबरात धम्मदीपनं विषय काढला. मिल्टन कीन्सच्या घरात खालची खोली रिकामी आहे, शेजारी बाथरूम आहे, आई एकटी राहायला नको. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी घराची किंमत लावायला एजंट येईल.

"आणि तिथून मी हॉलला कशी येऊ? वंदनेला?"

"मी आणेन की ड्राइव्ह करून."

"दर महिन्याला?"

"जमेल तसं, आई."

मी त्यांना विचारलं, तुम्ही भांडला नाहीत? त्या म्हणाल्या, नाही भांडले. दमले होते. रोज संध्याकाळी सांगायचं, रोज तोच आकडा ऐकायचा. "नंतर मलाच वाटायला लागलं, की असेल बाबा. एवढं मोठं यंत्र, एवढा शिकलेला मुलगा. माझंच अंग खोटं सांगत असेल." त्या अंगानं चोवीस वर्षं पाच अंश मोजले होते. फोन करणं त्यांनी सोडून दिलं.

जानेवारीत एका रविवारी धम्मदीप संध्याकाळपर्यंत थांबला. दोघांनी वंदना केली. मग त्यानं जाकीट चढवलं, किल्ल्या घेतल्या, दारात उभं राहून आईचा हात दोन्ही हातांत धरला, थोडा चोळल्यासारखा केला. मग फोन काढून बघितला.

"तेवीस आहे, आई. काळजी करू नको हां. नीट झोप."

गाडी गेल्यावर त्या खुर्चीत येऊन बसल्या. चष्मा शोधायला पर्स उघडली तर ते पुठ्ठ्याचं कार्ड हाताला लागलं. खुर्चीच्या हातावर ठेवलं. नुसतं ठेवायचं म्हणून. पंधरा मिनिटांनी पट्टीवरचा हिरवा रंग सतरावर आला, पुढं पंधरावर.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, फुकटचं कार्ड, असंच असणार. मग, त्या सांगतात, हात आपोआप उठला. मीटर चुकला असं वाटलं तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला दुसरीकडं खुपसून बघायचं, असं थंड खोलीत शिकवलेलं. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि फूटपट्टीनं तीन रकाने पाडले.

तो कागद मी बघितलाय. अक्षर मोठं आणि सरळ आहे. सव्वासात, पंधरा, खुर्ची. साडेसात, तेरा, खिडकी. पावणेआठ, चौदा, पॅसेज. आठ, आणि इथं आकड्याच्या जागी 'पट्टीच्या वर' असं लिहिलंय, फळी. कार्डाची पट्टी बावीसलाच संपत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तेच सगळं पुन्हा लिहिलं. एकदाच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, हाही तिथलाच धडा. मग त्या जळत्या मेणबत्त्यांकडे आणि शेजारच्या काचेकडे बघत उभ्या राहिल्या. मेणबत्त्यांना त्यांनी हात लावला नाही. हात लावू नकोस म्हणून सांगितलेली काच उचलली, खुर्चीच्या हातावर कार्डाशेजारी ठेवली आणि समोर स्टुलावर बसल्या. तेवीस. बावीस. वीस. एकोणीस झाले तेव्हा स्वयंपाकघरात बॉयलर पेटला.

"मग? आनंद झाला असेल," मी म्हटलं.

"छे. झोप आली," त्या म्हणाल्या. "ऊब आली ना. तिथंच डोळा लागला."

शनिवारी एजंट अकराला यायचा होता, धम्मदीप दहाला आला. गयाबाईंनी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि चहाशेजारी कागद. त्यानं एकदा वाचला. उठून फळीपाशी गेला. मेणबत्त्या तेव्हा विझलेल्या होत्या, पण वरच्या फळीच्या तळाला तपकिरी डाग पडला होता. त्यानं त्या डागावर बोट फिरवलं.

"आई, यू शुड हॅव...". तिथंच थांबला. "सांगितलं का नाही तू?"

"काय सांगायचं राहिलं होतं, दीप?"

फळीकडे तोंड करूनच तो म्हणाला, "माझी चूक झाली."

एजंटला त्यानं दारातूनच परत पाठवलं. दुपारभर तो घरात काही ना काही करत राहिला. काच खुर्चीजवळच्या छोट्या टेबलावर आणली, कार्यक्रम बदलला, आईला नवा फोन घेऊन दिला आणि त्यात ॲप टाकलं. ड्रॉवरमध्ये त्याला जुनी चकती सापडली, बॉयलरवाल्यानं काढून ठेवलेली.

"हीच परत लावू का? होईल तसं."

"नको. हिला बोलता येत नाही, आणि पॅसेजमध्ये थंडी असते," गयाबाई म्हणाल्या. "ती काचच बरी. फक्त मी जिथं बसते तिथं बसव तिला."

इथं मला चकतीची बाजू घ्यावीशी वाटते, पण खरं सांगायचं तर घेता येत नाही. नव्या यंत्राचा आकडा जुन्यापेक्षा पुष्कळ नेमका असतो. फळीवर तेवीस होते तेव्हा फळीवर खरोखरच तेवीस होते. चकतीही चुकायची. फक्त ती चुकली की तिथंच, पॅसेजमध्ये चुकायची, आणि भगवानराव नाहीतर गयाबाई जाता-येता तिला सरळ करायचे. तिचं म्हणणं साठ मैलांवर कुणाच्या खिशात जात नव्हतं.

घर राहिलं. मोठ्या तपासणीचं पत्र अजून फ्रिजला लावलेलं आहे, एप्रिलची तारीख आहे. धम्मदीप म्हणाला, नाव गेलंच आहे तर जाऊन येऊ. गयाबाई बरं म्हणाल्या. जातील.

गेल्या रविवारी हॉलमध्ये भांडी आवरून झाल्यावर त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"तू ह्याचंच काम करतोस ना? मग सांग. काचेला कसं कळतं किती गरम आहे ते?"

मी कागदी प्लेटवर काढून दाखवलं. आत तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा असतो. ऊब लागली की त्याच्यातून वीज सोपी जाते, गार झाला की अवघड. किती अवघड, ते मोजून आकडा काढतात. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. दाण्याला फक्त स्वतःचंच कळतं का? मी म्हटलं हो, तो जिथं असेल तिथलंच. खुर्चीतलं नाही. त्यांनी मान डोलावली. शाल सारखी केली. प्लेट घडी करून पर्समध्ये ठेवली.

"म्हणजे काचेची काही चूक नाही."

"नाही, आजी."

"दीपची पण नाही म्हण. त्याला काच सांगेल तेच कळणार." हॉलमधल्या खुर्च्या कुणीतरी एकात एक रचत होतं. "पण त्या रविवारी दारात त्यानं माझा हात धरला होता. दोन्ही हातांत. तो काही फळीवर नव्हता. गार आहे हे त्याला कळलंच नाही, की कळलं, आणि तरी त्यानं फोनलाच विचारलं?"